माझ्या खोलीतला निकाल

रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत मी प्रयोगशाळेत काम करतो आणि वरसे गावात राहतो. कॉम्प्युटरचे सुटे भाग तपासायचे आणि त्यावर मराठीत व्हिडिओ करून टाकायचे, हा नाद मला घरचा पहिला कॉम्प्युटर जोडून घेतला तेव्हापासून लागला. त्या वेळी माहिती शोधली तर सगळी इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि तीही खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी. रोह्याच्या एखाद्या फोटो स्टुडिओवाल्याला किंवा बॅनर करणाऱ्याला कुठला प्रोसेसर परवडेल, हे कोणी सांगत नव्हतं. म्हटलं, आपण सांगू.

आमच्या वरच्या खोलीत एक जुनं टेबल आहे. त्यावर मदरबोर्ड उघडाच मांडायचा, प्रोसेसर बसवायचा, दोन-तीन ठरावीक कामं त्याच्याकडून करून घ्यायची आणि घड्याळ लावून वेळ लिहायची, अशी माझी पद्धत. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद आणि एसी चालू. बायको म्हणायची की या घरात माणसांपेक्षा मशीनलाच जास्त थंड हवा मिळते.

हळूहळू बघणारे वाढले. मग मुंबईच्या एका मोठ्या घाऊक विक्रेत्याकडून फोन आला. त्यांचा माणूस अगदी सभ्य होता. तो म्हणाला, आम्ही नवा माल पाठवतो, तुम्ही पंधरा दिवस तपासा आणि परत करा. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पैशांची गोष्ट नव्हतीच. त्यामुळे मला उलट अभिमान वाटायचा. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मी सांगायचो की मी कोणाकडून एक रुपया घेत नाही. ते खरंच होतं, आणि तेवढं सांगितलं की माझं म्हणणं आपोआप खरं ठरतं असं मला वाटायचं.

अशाच एका खोक्यातून आठ कोअरचा, म्हणजे एका वेळी जणू आठ हातांनी काम करणारा, प्रोसेसर आला. सोबत मदरबोर्ड आणि प्रोसेसर थंड ठेवणारा हवेचा मोठा कूलरही होता. माझ्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेला सहा कोअरचा प्रोसेसर होता. दोन्हींची तुलना केली. व्हिडिओ तयार करून बाहेर काढायचं काम, ज्याला या धंद्यात रेंडर म्हणतात, ते आठ कोअरच्याने फार लवकर उरकलं. किमतीत फरक होता, पण वेळेतला फरक त्याहून मोठा होता. मी कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं, "हा पूर्ण पैसे वसूल आहे. व्हिडिओचं काम करत असाल तर सहा कोअरकडे बघूच नका."

"बघूच नका" हे शब्द माझे. दुसऱ्या कोणी मला ते बोलायला सांगितले नव्हते.

एप्रिलमध्ये एका बाईंचा फोन आला. पेणच्या पलीकडे खाडीकडच्या एका गावातून बोलत होत्या. घरी बसून पेणच्या दोन-तीन फोटोग्राफरांसाठी लग्नाचे आणि हळदीचे व्हिडिओ तयार करून देतात, असं त्यांनी सांगितलं. माझा व्हिडिओ तीनदा बघून त्यांनी आठ कोअरचा कॉम्प्युटर पेणच्या दुकानातून जोडून घेतला होता. सकाळी तो चांगला चालायचा, पण दुपारी अगदी मरगळायचा. दुकानदार म्हणत होता की सॉफ्टवेअरचा दोष आहे.

मीही तेच म्हणालो. हे परत टाका, ते अपडेट करा, अशा पाच-सहा गोष्टी सांगून टाकल्या. खरं सांगायचं तर मनात जरा वैताग होता. आपण नीट तपासलेली वस्तू, या बाईनेच काहीतरी बिघडवलं असणार, असं वाटत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते सगळं केलं, दादा. तुम्हाला वहीचे फोटो पाठवते. बघा एकदा."

फोटो मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवताना उघडले. वहीची तीन पानं होती. हाताने रेघा मारून रकाने केलेले: तारीख, किती वाजता सुरू केलं, व्हिडिओची लांबी, किती मिनिटं लागली, पंखा कुठे लावला होता. शेवटच्या रकान्यात "ढगाळ", "कडक ऊन" असं. अकरा दिवस सलग. एकच हळदीचा व्हिडिओ त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा काढून बघितला होता. सकाळी आठला अर्धा तास. दुपारी दोनला एक तास दहा मिनिटं. संध्याकाळी साडेसहाला पाऊण तास.

पानं मी पुन्हा वरून वाचली. प्रयोगशाळेत मी रोज हेच करतो. टाकीतून नमुना आला की आधी त्याच्यावरची चिठ्ठी बघतो: कोणी काढला, कुठून काढला, किती वाजता, तापमान किती. चिठ्ठी अर्धवट असेल तर नमुना परत पाठवतो, मग आणणारा कितीही मोठा साहेब असो. आणि घरी, वरच्या खोलीत, मी यातलं एकही लिहीत नव्हतो. प्रोसेसर ज्यांना विकायचा होता त्यांनीच निवडून पाठवलेला. बोर्ड आणि कूलरही त्यांचाच. हवा एसीची. यातलं काहीही मी व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नव्हतं.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला मी माझा सहा कोअरचा प्रोसेसर काढून डबीत घेतला, एक थर्मामीटर घेतलं आणि बाईकने निघालो. नागोठण्यापर्यंत सकाळचा गारवा होता. हायवेला लागल्यावर उन्हाचा कडाका जाणवायला लागला, आणि खाडीकडच्या गावात पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

घर विटांचं, वर सिमेंटचे पत्रे. ओटीवर त्यांचे सासरे बसले होते. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस, पोटऱ्या अजून लोखंडासारख्या. नवरा शिफ्टला गेला होता. बाई तिशीच्या असतील. कॉम्प्युटर आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला होता, कारण घरातला एकमेव चांगला प्लग तिथे होता. डब्याची एक बाजू त्यांनी स्वतःच उघडून ठेवली होती आणि समोर टेबलफॅन लावला होता. आतली धूळ पुसून काढलेली होती. खाडीचा वारा खारट असतो, म्हणून दर आठवड्याला ब्रशने साफ करते, असं त्या म्हणाल्या. त्यांनी काही बिघडवलेलं नव्हतं. मी स्वतःच्या कॉम्प्युटरची इतकी काळजी घेत नाही.

दुपारी दीड वाजता मी तोच हळदीचा व्हिडिओ रेंडरला लावला. खोलीतलं तापमान अडतीस होतं. पहिली दहा मिनिटं सगळं झकास चाललं. मग प्रोसेसरचा वेग एकदम खाली आला, जरा वर गेला, परत खाली. गंमत म्हणजे प्रोसेसर स्वतः फार तापलेला दिसत नव्हता. मला काही उमजेना. शेवटी बोर्डावर, प्रोसेसरच्या बाजूला, त्याला वीज पुरवणारे जे छोटे काळे तुकडे असतात, त्यांच्याजवळ बोट नेलं आणि पटकन मागे घेतलं. ते तुकडे सहन होणार नाहीत इतके तापले होते. ते तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरची वीज कमी करतो, आणि प्रोसेसर रांगायला लागतो.

मला पाठवलेल्या बोर्डावर त्या तुकड्यांवर धातूची जाड पट्टी होती, उष्णता शोषून घेणारी. या बोर्डावर काहीच नव्हतं. हा दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड होता.

मी त्यांना ते दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या व्हिडिओत बोर्डाचं तर काय बोललातच नाय."

बरोबर होतं. बोर्ड माझ्या व्हिडिओत चार-पाच सेकंद दिसतो. त्यावर मी बोललो ते एवढंच, की दिसायला सुंदर आहे.

रेंडर संपायला एक तास पाच मिनिटं लागली. मग मी मशीन बंद करून, थंड होऊ देऊन, माझा सहा कोअरचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवला आणि तेच काम लावलं. तोवर त्यांनी जेवायला वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. जेवताना सासऱ्यांनी विचारलं की नेमकं काय झालंय. मी जमेल तसं सांगितलं, की विकणाऱ्याने मला निवडक माल दिला आणि मी त्यावरून सगळ्यांना सल्ला दिला.

ते म्हणाले, मिठाचा व्यापारी आला की नवखा असेल तर ढिगाच्या वरचं मीठ हातात घेऊन बघायचा. वरचं उन्हाने सुकलेलं, पांढरं दिसतं. जुना व्यापारी कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळाचं काढायचा, आणि तेही स्वतःच्या हाताने. "आम्ही काढून दिलेलं तो घेतच नव्हता," म्हातारबुवा हसून म्हणाले. "आम्हाला राग यायचा. पण बरोबरच होतं ना त्याचं."

सहा कोअरच्याने सेहेचाळीस मिनिटं घेतली. दुपारी, त्याच खोलीत, त्याच बोर्डावर. माझ्या वरच्या खोलीत हरलेला प्रोसेसर इथे एकोणीस मिनिटांनी पुढे होता. तो कमी वीज खातो, म्हणून बोर्डाला तापवत नाही, म्हणून त्याचा वेग पडत नाही. एवढं साधं होतं ते.

आकडे त्यांनीच लिहून घेतले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही खोटं नाय बोललात, दादा. पण तुमच्या खोलीतलं सांगितलंत. आमच्या खोलीत ते कसं चालंल, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त आत गेलं.

मी म्हटलं, माझा सहा कोअरचा ठेवून घ्या, तुमचा मी नेतो आणि वरचा फरक देतो. त्यांनी नको म्हटलं. "अदलाबदल केली तर माझं भागंल. पण तुमचं ऐकून आणखी कितीजणांनी घेतला असंल?"

तो व्हिडिओ कितीजणांनी बघितला होता, हा आकडा मला तोंडपाठ होता. त्या वेळी तो उच्चारायची लाज वाटली.

मग एक उपाय आठवला. आठ कोअरचा परत बसवला आणि मशीन सुरू होताना जे सेटिंगचं पान उघडता येतं, तिथे जाऊन त्याने जास्तीत जास्त किती वीज ओढायची त्यावर मर्यादा घातली. चार वाजले होते, पश्चिमेची भिंत आता चांगलीच तापली होती. व्हिडिओ एकोणचाळीस मिनिटांत निघाला. वेग एकदाही पडला नाही. त्यांनी स्वतःहून पुन्हा एकदा लावून बघितला. चाळीस मिनिटं. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. सासरे दारात येऊन उभे होते. "चालला काय गो?" त्यांनी विचारलं. "चालला," त्या म्हणाल्या.

तरी हिशेब सरळ नव्हता. सहा कोअरपेक्षा सहा-सात मिनिटं कमी, आणि त्यासाठी त्यांनी किंमत बरीच जास्त मोजली होती. वर त्या वस्तूला लगाम घालून वापरावं लागणार होतं. काम भागलं, पण पैसे वसूल झाले असं कोणी म्हणू शकलं नसतं.

परतताना पेणला त्या दुकानात गेलो. मनात होतं की दुकानदाराला चार शब्द सुनवावेत. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. मी ओळख सांगितल्यावर त्याने खुर्ची दिली. बोर्डाचा विषय काढला तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, "तुमचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवतच लोक दुकानात शिरतात. आठ कोअरचाच पाहिजे म्हणतात. त्यांचं बजेट तिथंच संपतं. मग उरलेल्यात मी कुठला बोर्ड घालू? मी सांगितलं होतं त्या बाईंना, सहाचा घ्या आणि बोर्ड चांगला घ्या. त्या म्हणाल्या, व्हिडिओत सहाकडे बघूच नका सांगितलंय."

मी पाणी प्यायलो आणि उठलो. रोह्याच्या रस्त्यावर बराच वेळ तेच डोक्यात होतं. प्रोसेसरची किंमत मी एकट्या प्रोसेसरची म्हणून सांगत होतो. विकत घेणारा माणूस मात्र पूर्ण मशीन घेतो, आणि त्याच्याजवळ रक्कम ठरलेली असते. मी एका वस्तूकडे त्याचे पैसे ढकलले की दुसरीकडचे कमी होणारच.

आठवडाभर मी चूक दुरुस्त करणारा नवा व्हिडिओ करायचं टाळलं. रोज कंपनीतून आल्यावर काहीतरी कारण निघायचं. जुना व्हिडिओ काढून टाकावा आणि विषय संपवावा, असंही मनात आलं. बायकोने एकदाच विचारलं, की प्रयोगशाळेत चुकीचा रिपोर्ट गेला तर तुम्ही काय करता. मी म्हटलं, दुरुस्तीचा रिपोर्ट काढतो आणि ज्यांना पहिला गेला त्या सगळ्यांना पाठवतो.

घाऊक विक्रेत्याच्या माणसाला मी आधी फोन केला. न सांगता करणं बरं वाटलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि सुचवलं की व्हिडिओच्या खाली दोन ओळींची टीप टाका, तेवढं पुरे. मी म्हटलं, टीप कोणी वाचत नाही. तो म्हणाला, तुमची मर्जी. त्या नव्या व्हिडिओनंतर त्यांच्याकडून खोकी यायची बंद झाली. भांडण झालं नाही, कोणी काही बोललं नाही. दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा मेसेजही आला.

व्हिडिओ मी त्या बाईंच्याच घरी केला, दुपारी, पंखा चालू ठेवून. त्यांना कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं, पण वहीची पानं दाखवायला परवानगी दिली. मी कुठे चुकलो ते क्रमाने सांगितलं: भाग कोणाचे होते, हवा कसली होती, बोर्डाबद्दल मी का बोललो नाही. मर्यादा कशी घालायची तेही दाखवलं. पंख्याचा आवाज इतका आला की काही शब्द नीट ऐकूही येत नाहीत.

खाली काहींनी लिहिलं की आता तुमच्यावर विश्वास नाही. मी त्यांना उत्तर दिलं नाही, त्यांचं चुकलेलं नव्हतं. सहा-सातजणांनी लिहिलं की आमच्याकडेही अगदी हेच होत होतं, मर्यादा घातली, आता बरं चालतंय. नागोठण्याच्या एका स्टुडिओवाल्याने लिहिलं की मी कंटाळून दोन महिन्यांपूर्वीच मशीन कमी किमतीत विकून टाकली. ते मी दोनदा वाचलं. त्याचं नुकसान भरून देण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. तसंच त्याला लिहिलं. त्याने नुसता हात जोडल्याचा चित्रसंदेश पाठवला.

त्यानंतर माझे व्हिडिओ कमी झाले. आता मी नवी वस्तू आली की लगेच बोलत नाही. कोणीतरी ती विकत घेतो, वर्षभर वापरतो, मग मी त्याच्याकडे जातो. भाग कोणाचे, खोली कसली, कुठला बोर्ड, हे आधी सांगतो. बघणारे निम्म्याहून कमी झाले. नवीन काय आलंय ते आधी कळावं असं लोकांना वाटतं, आणि मी नेहमी मागे असतो. पहिले काही महिने ते खुपायचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर पेणच्या त्या दुकानदाराकडे काही कामासाठी गेलो होतो. बोलता बोलता त्याने सांगितलं की खाडीकडच्या त्या बाईंनी दुसरी मशीन घेतली, त्यांच्या जावेसाठी. दोघी मिळून आता हळदीचे व्हिडिओ करतात, काम वाढलंय. कुठला प्रोसेसर घेतला ते त्याने सांगितलं. मी तपासलेल्यांपैकी तो नव्हताच. त्यावर मी कधी एक शब्दही बोललो नव्हतो.

मला जरा लागलं, ते नाकारत नाही. विचारलंसुद्धा नाही, असं वाटलं. त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांना मी फोन केल्याचा आनंद झाला. प्रोसेसर कसा निवडला ते विचारलं, तर म्हणाल्या, गडब गावात एक ओळखीचा बॅनरवाला आहे, त्याच्याकडे तो आहे असं कळलं. एक दिवस दुपारची तिथे जाऊन बसले, पेनड्राइव्हवर आमचाच एक हळदीचा व्हिडिओ नेला होता, त्याच्या मशीनवर काढून बघितला. मग नागोठण्याला आणखी एकाकडे गेले, तिथेही तेच केलं. दोन्हीकडे पत्र्याचंच छप्पर.

"तुम्हाला विचारणार होते," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याकडे अजून तो आलाच नव्हता ना. म्हटलं, आपणच जाऊन बघू."

मी म्हटलं, बरोबर केलंत. आणि मग गडबच्या त्या बॅनरवाल्याचा पत्ता मागितला. रविवारी मी तिथे गेलो. रस्त्याला लागूनच त्याचं दुकान आहे, मागे भाताची खाचरं. तो एका वाढदिवसाच्या बॅनरवर काम करत होता. माझे व्हिडिओ त्याने बघितले नव्हते. माझं काय काम आहे ते विचारून त्याने स्टूल पुढे सरकवलं, आणि हातातलं काम संपेपर्यंत थांबा म्हणाला. मी बसलो. दुपार नुकती चढत होती आणि त्याची मशीन चालू होती.